वीज पायाळूला शोधीत नाहीं

(वळवाच्या तोंडावर एका खेड्यांतील शाळेंत शेतकरी व कारागीर मंडळींपुढें तेथील शिक्षकानें दिलेलें व्याख्यान.)



कोणी दिवसभर ढेकळें फोडून, कोणी ऐरणीवर घण मारून, तर कोणी मागावर बसून तुम्ही दमून आलां आहां. तेव्हां लांबण न लावतां मुद्द्याला हात घालतों. आजचा विषय वीज हा आहे. वळवाचे ढग येऊं लागले आहेत. मृग दारांत उभा आहे. पेरणीसाठीं आपण ज्या ढगाकडे डोळे लावून बसतों, त्याच ढगांतून आपला काळही उतरतो. सरकारी नोंदीप्रमाणें सन २०२२ मध्यें या देशांत वीज पडून २,८८७ माणसें मेलीं. हा एका वर्षाचा आंकडा झाला. मरणारांत बहुतेक खेड्यांतलीं, शेतांत राबणारीं व गुरें राखणारीं माणसें असतात. गाद्यागिरद्यांवर लोळणाऱ्याला ढगाखालीं उभें राहण्याचें कारणच पडत नाहीं.

इतकीं माणसें जातात आणि त्यांच्या मागें आपण काय म्हणतों? 'त्याचे भोग भरले.' नाहीं तर, 'घरांत पायाळू होतें म्हणून वीज आली.' पायाळू म्हणजे जें मूल आईच्या पोटांतून पायांकडून बाहेर आलें तें. आभाळ गडगडलें कीं त्या पोराला कोणी जवळ उभें करीत नाहींत, शेजारी वळचणीला घेत नाहींत. पायाळू सुनेला तर हें जन्मभर ऐकावें लागतें. आणि कोठें वीज पडली, कीं शांति करावयास सांगणारा पंचांग काखेंत मारून हजरच असतो. मेल्याचें दुःख एकीकडे आणि दक्षिणेचें कर्ज दुसरीकडे!

माझें म्हणणें एवढेंच आहे, कीं विजेला जन्म कळत नाहीं, जात कळत नाहीं, पापपुण्य कळत नाहीं. ती जाते पातळींतल्या फरकानें. ही पातळी म्हणजे काय, ती चढते कशानें व उतरते कशानें, हें आज आपण घरच्या भांड्याकुंड्यांच्या सोबतीनें पाहूं. हें ज्याला समजलें, त्याला वळवांत कोठें थांबावें व कोठें थांबूं नये हें पंचांगाला विचारावें लागणार नाहीं.

पाणी आणि पातळी

एक तांब्याभर पाणी उभट पेल्यांत ओतलें तर तें कांठापर्यंत येतें. तेंच पाणी परातींत ओतलें तर बोटभरही चढत नाहीं. विहिरींत ओतलें तर चढलेलें दिसतच नाहीं. पाणी तेवढेंच, पातळी मात्र निराळी. आतां तो पेला व ती परात तळाशीं नळीनें जोडली, तर पाणी कोठून कोठें जाईल? जेथें पाणी जास्त तेथून नव्हे, तर जेथें पातळी उंच तेथून. परातींत दोन तांबे पाणी असलें आणि पेल्यांत अर्धाच तांब्या असला, तरी पेल्यांतली पातळी उंच असेल तर पाणी पेल्यांतूनच परातींत जाईल. पाटाचें पाणी धरणाऱ्यांना हें मी काय शिकवावें?

विजेचेंही असेंच आहे. वस्तूवर जी वीज सांठते तिला विद्युद्भार किंवा नुसता भार म्हणतात. हा झाला पाण्याच्या जागीं. त्या वस्तूची विजेची जी पातळी असते तिला विभव म्हणतात. विभव व्होल्टांत मोजतात. तुमच्या पंपाच्या पाटीवर लिहिलेले व्होल्ट ते हेच. ज्यांतून वीज सहज वाहते ते वाहक: तांबें, लोखंड, ओली माती आणि आपलें शरीर. कांच, प्लॅस्टिक, रबर, अगदीं कोरडें लांकूड यांतून ती सहज वाहत नाहीं. आतां मुख्य गोष्ट सांगतों. एकट्या वाहकावर भार चढविला कीं त्याचा विभव चढतो. दुप्पट भार चढविला तर विभवही दुप्पट चढतो. भार दोन जातींचा असतो, धन आणि ऋण. धन भारानें विभव जमिनीच्या वर चढतो, ऋण भारानें जमिनीच्या खालीं उतरतो. एक टेकडी, तर दुसरी विहीर. पडण्याची भीति दोहोंकडे सारखीच.

तुमच्या देखत केलेला प्रयोग

मी म्हणतों म्हणून मानूं नका, डोळ्यांनीं पाहा. हा पितळेचा थाळा कांचेच्या तीन कोरड्या पेल्यांवर ठेवला आहे. थाळ्याला बांधलेली तांब्याची तार या बरणीच्या प्लॅस्टिकच्या झांकणांतून आंत सोडली आहे. तारेच्या खालच्या टोंकाला ॲल्युमिनिअमच्या पातळ कागदाचीं दोन अरुंद पानें शेजारीं-शेजारीं लोंबत आहेत. थाळ्याची पातळी जमिनीच्या पातळीहून वेगळी झाली, कीं हीं पानें एकमेकांना लोटून फांकतात. जितका फरक जास्त तितकीं तीं जास्त फांकतात. हें आपलें विभव पाहण्याचें यंत्र. याला एक पैसाही खर्च आला नाहीं.

आतां ही पी.व्ही.सी.ची नळी घोंगडीवर जोरानें घांसतों आणि थाळ्याच्या कडेवरून ओढतों. पानें फांकलीं. पुन्हां घांसून पुन्हां ओढली, आणखी फांकलीं. भार वाढला, विभवाचा फरक वाढला. ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट. हा पाण्याचा मोठा हंडा रिकामा करून, कोरडा पुसून, प्लॅस्टिकच्या घमेल्यावर ठेवला आहे. प्लॅस्टिकच्या पट्टीनें धरलेल्या तारेनें मी थाळा आणि हंडा जोडतों. पाहा, पानें खालीं आलीं. भार नाहींसा झाला नाहीं. तो मोठ्या भांड्यावर पसरला, म्हणून पातळी उतरली. पेल्यांतलें पाणी परातींत गेलें तसें. कोणत्या वाहकावर किती भार चढविला असतां विभव किती चढतो, हें त्या वाहकाच्या आकारावर अवलंबून आहे. या गुणाला धारिता म्हणतात. मोठ्या वाहकाची धारिता मोठी, म्हणून तो जास्त भार घेऊनही थोडाच चढतो.

तिसरी गोष्ट. थाळ्याला मी बोट लावतों. पानें एकदम मिटलीं. मी जमिनीवर उभा आहें. थाळा, मी आणि पृथ्वी असें एकच भांडें झालें. त्या भांड्यापुढें थाळ्यावरचा भार म्हणजे समुद्रांत ओतलेली चूळ.

चौथी गोष्ट नीट पाहा, कारण वळवाच्या ढगाचें मर्म हिच्यांत आहे. थाळ्यावर आतां भार नाहीं, पानें मिटलेलीं आहेत. घांसलेली नळी मी नुसती थाळ्याच्या जवळ आणतों, टेकवीत नाहीं. पानें फांकलीं! नळी दूर नेली, मिटलीं. थाळ्याला मी कांहींच दिलें नाहीं, तरी शेजारच्या भारामुळें त्याचा विभव बदलला. म्हणजे एखाद्या वाहकाचा विभव तीन गोष्टींवर ठरतो: त्याचा स्वतःचा भार, त्याचा आकार आणि त्याच्या शेजारीं कोण उभा आहे तें.

हा प्रयोग हिंवाळ्यांत किंवा उन्हाळ्यांत घरीं करा. पावसाळ्यांत करूं नका. दमट हवेंत कांचेवर ओल धरते, भार गळून जातो आणि प्रयोग फसला म्हणून लोक हंसतात.

आंकड्यांचा हिशेब

भार मोजण्याचें माप कुलंब हें आहे. शंभर वॉटच्या दिव्याच्या तारेंतून साधारण सव्वादोन सेकंदांत एक कुलंब वीज वाहते. त्याचा दहा लाखावा भाग घेऊं. एवढासा भार एक मीटर त्रिज्येच्या, हवेंत एकट्या ठेवलेल्या धातूच्या गोळ्यावर दिला, तर त्याचा विभव सुमारें ९,००० व्होल्ट होतो. तोच भार दहा सेंटीमीटर त्रिज्येच्या गोळ्यावर दिला, तर सुमारें ९०,००० व्होल्ट होतो. गोळा दहापट लहान, विभव दहापट उंच. आणि तोच भार आपल्या सबंध पृथ्वीवर दिला तर? एका व्होल्टाचा सुमारें सातशेंवा हिस्सा. म्हणून पृथ्वीची पातळी शून्य धरून सगळे विभव तिच्यापासून मोजतात.

थंडीच्या दिवसांत नायलॉनचा सदरा काढतांना चटचट आवाज होतो, अंधारांत ठिणग्या दिसतात. त्या वेळीं तुमच्या अंगाचा विभव कित्येक हजार व्होल्ट झालेला असतो. मग कोणी विचारील, 'मास्तर, हजारों व्होल्टांनीं आम्ही मरत नाहीं आणि पंपाच्या २३० व्होल्टांनीं कसे मरतों?' प्रश्न रास्त आहे. सदऱ्याचा भार पेल्यांतल्या पाण्यासारखा. पातळी उंच, पण पाणी घोटभर. एका ठिणगींत संपलें. पंपाच्या तारेमागें वीजकेंद्र आहे. तो धरणाचा कालवा आहे. तेथून कितीही वीज वाहिली तरी पातळी उतरतच नाहीं. म्हणून नुसती उंची पाहून भागत नाहीं. मागें पाणी किती आहे हेंही पाहावें.

कावळा आणि लोहाराचा पोर

विजेच्या उघड्या तारेवर कावळा खुशाल बसतो. त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, एकाच पातळीवर असतात. त्याचें सगळें अंगच तारेच्या विभवाला चढलेलें असतें. मग त्याच्या अंगांतून वीज जाणार कोठें? तोच कावळा पंख पसरून दुसऱ्या तारेला लागला, कीं खलास. चार-चारशें किलोव्होल्टांच्या चालू तारांवर धातूच्या धाग्यांचा पोशाख घालून काम करणारे कामगार आहेत. तेही कावळ्याच्याच युक्तीनें जगतात. ते आधीं तारेच्या पातळीला चढतात, मग हात घालतात. जमिनीला शिवलेली एकही वस्तु अंगाजवळ येऊं देत नाहींत. तेव्हां हें पक्कें ध्यानांत ठेवा, कीं उंच पातळी मारीत नाहीं. अंगाच्या एका टोंकाची पातळी एक आणि दुसऱ्या टोंकाची दुसरी, हा फरक मारतो.

ही गोष्ट जगाला ज्यानें डोळ्यांपुढें करून दाखविली, तो कोण होता हें लोहार बंधूंनीं मुद्दाम ऐकावें. मायकेल फॅरडे हा इंग्लंडांतल्या एका गरीब लोहाराचा मुलगा. जन्म १७९१ सालचा. शिक्षण म्हणाल तर लिहिणें, वाचणें व थोडा हिशेब. चौदाव्या वर्षीं तो पुस्तकें बांधणाऱ्याच्या दुकानांत उमेदवार म्हणून लागला, आणि बांधावयास आलेलीं पुस्तकें वाचूनच शिकला. सन १८१३ मध्यें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें हाताखालचा मदतनीस म्हणून शिरला. त्याच माणसानें १८३६ सालीं बारा फूट लांब, बारा फूट रुंद व बारा फूट उंच अशी एक लांकडी चौकट उभी केली; तिला बाहेरून तारा व धातूचा पत्रा लावला आणि यंत्रानें तिच्यावर इतका भार चढविला, कीं बाहेरून ठिणग्या उडूं लागल्या. फॅरडे स्वतः त्या खोलींत दिवा व विभव पाहण्याचीं नाजूक यंत्रें घेऊन बसला. आंत कांहींही हाललें नाहीं! वाहकाचा सगळा भार बाहेरच्या अंगावर बसतो. आंत सगळीकडे पातळी एकच राहते. फरक नाहीं म्हणून धोका नाहीं. धारिता मोजण्याच्या मापाला आज जगभर 'फॅरड' म्हणतात. शास्त्र कोणाच्या बापाची मिरास नाहीं, याला आणखी कोणता पुरावा हवा?

आतां ढगाकडे

वळवाच्या ढगांत बर्फाचे कण आणि मऊ गारा एकमेकांवर आदळतात आणि भार वेगळा होतो. बहुधा ढगाचा माथा धन होतो व तळ ऋण होतो. तो ढग शिवारावर आला, म्हणजे आपल्या चौथ्या प्रयोगांतली नळी थाळ्याजवळ आली. खालच्या जमिनीवर, झाडांच्या शेंड्यांवर, देवळाच्या कळसावर, उघड्या माळावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर उलट जातीचा भार ओढला जातो. कधीं कधीं अंगावरचे केस उभे राहतात व कातडीला मुंग्या येतात. ही शेवटची सूचना समजा.

ढगांतून निघालेली ठिणगी सुमारें पन्नास-पन्नास मीटरांच्या टप्प्यांनीं खालीं येते. ती जमिनीजवळ आली, कीं उंच वस्तूंच्या टोंकांतून तिला भेटावयास दुसरी ठिणगी वर उठते. दोघींची गांठ पडली कीं वाट तयार झाली, आणि त्या वाटेनें सुमारें तीस हजार अँपियरचा लोंढा क्षणार्धांत वाहून जातो. तेव्हां ती निवड करते म्हणाल, तर ती निवड उंचीची आहे. हातांतला विळा, बायकांच्या बांगड्या, खिशांतला मोबाईल यांना ती ओढून येत नाहीं. पण माळावर डोक्यावर धरलेली लांब पहार किंवा छत्री तुमची उंची वाढविते, तेवढ्यापुरता धोका खरा.

आतां झाडाखालीं मरण कां येतें तें पाहा. वीज झाडावर पडली. झाड म्हणजे कांहीं तांब्याची तार नव्हे. त्यांतून वीज अडखळत उतरते, आणि जेथें वीज अडते तेथें पातळी तुंबते. बुंध्याचा विभव लाखों व्होल्टांवर चढतो. शेजारीं टेकून उभ्या असलेल्या माणसाचे पाय जमिनीवर आहेत, म्हणजे तो खालच्या पातळीला आहे. मधली हवा फुटते आणि वीज झाड सोडून माणसांतून उतरते. ज्या झाडानें आपल्याला उन्हांत सांवली दिली, तेंच वळवांत असा घात करतें. यांत झाडाचा दोष नाहीं व नशिबाचाही नाहीं.

दुसरा प्रकार याहून फसवा आहे. वीज जमिनींत शिरल्यावर चोहोंकडे पसरते. पडल्या जागीं पातळी सर्वांत उंच. दूर जावें तशी ती उतरत जाते. मध्यम ओलीच्या जमिनीचा हिशेब करून पाहिला, तर तीस हजार अँपियरची वीज पडली असतां दहा मीटरांवर जमिनीचा विभव सुमारें ४८,००० व्होल्ट येतो आणि अकरा मीटरांवर सुमारें ४३,०००. एक पाय दहावर व दुसरा अकरावर असेल, तर दोन पायांमध्यें चार हजारांहून अधिक व्होल्टांचा फरक पडला. वीज एका पायानें वर चढून दुसऱ्यानें उतरते. बैलाचे व गाईचे पुढचे-मागचे पाय माणसाच्या पावलाहून लांब असतात. फरक आणखी मोठा, आणि वाट छातींतून जाते. म्हणून झाडाखालीं बांधलेलीं जनावरें एकदम चार-चार, पांच-पांच कोसळतात आणि शेजारचा गुराखी कधीं कधीं वांचतो. त्याला लोक म्हणतात देव पावला. पायांतलें अंतर कमी होतें, हें कोणी पाहत नाहीं.

आतां सांगा, पायाळूचा यांत संबंध काय? पायाळूला पाय दोनच आणि डोक्याकडून जन्मलेल्यालाही दोनच. पाय आधीं बाहेर आले कीं डोकें, याला कांहीं किंमत नाहीं. ढगाखालीं ते पाय कोठें व किती अंतरावर ठेवले, याला किंमत आहे. पायाळू पोराला हांकलून तुम्ही बाभळीखालीं उभे राहिलां, तर वीज तुम्हांलाच सांपडेल आणि माळावर हांकललेलें तें निरपराध पोरही धोक्यांत पडेल. हें पाप मात्र खरें आहे, आणि तें आपण करतों.

पडलेल्याला हात लावा

याहून मोठें एक अज्ञान आहे. वीज पडलेल्या माणसाला लोक शिवत नाहींत. त्याच्या अंगांत वीज भरून राहिली आहे असें समजतात. कांहीं भागांत तर त्याला शेणांत पुरून ठेवतात. आपला तिसरा प्रयोग आठवा. जमिनीला टेकलेल्या वाहकावर भार राहतो काय? बोट लावतांच पानें मिटलीं. माणसाचें शरीर वाहक आहे आणि तें जमिनीवर पडलेलें आहे. लोंढा गेला कीं लगेच त्याची पातळी जमिनीबरोबर होते. त्याला हात लावणें पूर्ण सुरक्षित आहे. (विजेच्या तुटलेल्या तारेला चिकटलेल्याची गोष्ट निराळी. तेथें मागें कालवा चालू आहे. आधीं वीज बंद करावी, मग हात लावावा.)

वीज पडलेला बहुधा हृदय थांबल्यानें मरतो, आणि तें हृदय वेळेवर पुन्हां चालू होऊं शकतें. त्याला सुरक्षित जागीं घ्या. श्वास चालत नसेल तर उताणा निजवा. दोन्ही हातांचे तळवे एकावर एक ठेवून छातीच्या मध्यभागीं, सुमारें दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळां दाबीत राहा. एक थकला कीं दुसऱ्यानें घ्यावें. त्याच वेळीं कोणीतरी १०८ या क्रमांकाला फोन करावा. भगताला बोलावण्यांत जीं दहा मिनिटें जातात, त्यांतच माणूस जातो.

काय करावें

वीज चमकल्यावर गडगडाट ऐकूं येईपर्यंत आंकडे मोजा. आवाजाला एक किलोमीटर यावयास तीन सेकंद लागतात. तीस मोजण्याच्या आंत आवाज आला, तर ढग दहा किलोमीटरांच्या आंत आहे. काम टाका आणि पक्क्या घरांत जा. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडूं नका. एस.टी. किंवा कांचा लावलेली मोटरगाडी चालेल. ती फॅरडेची खोलीच आहे. उघडा ट्रॅक्टर, मोटारसायकल, बैलगाडी चालणार नाहीं. चार लांकडी मेढींवर पत्रे टाकलेलें खोपटें म्हणजे फॅरडेची खोली नव्हे. बाजू उघड्या आहेत, आणि पत्रा जमिनीला जोडलेला नाहीं. तारेच्या कुंपणाला टेकूं नका. दूरवर पडलेली वीज तारेनें तुमच्यापर्यंत येते. विहिरींत, तळ्यांत, नदींत असाल तर बाहेर या. आसरा नसेलच, तर उंच झाडापासून लांब, सखल जागीं, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा, निजूं नका. एके ठिकाणीं घोळका करूं नका. गुरें एकट्या झाडाखालीं बांधूं नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनें 'दामिनी' नांवाची सोय मोबाईलवर करून दिली आहे; ती जवळपासच्या विजेची सूचना देते. घरांतल्या पोरांकडून ती फोनवर घालून घ्या.

पंपाविषयीं दोनच शब्द. मोटारीच्या आंतली तार सोलून लोखंडी अंगाला लागली, कीं तें अंग तारेच्या विभवाला चढतें. वरून कांहीं दिसत नाहीं. ओल्या जमिनीवर उभ्या शेतकऱ्यानें हात लावला, कीं फरक त्याच्या अंगावर. म्हणून मोटारीच्या व पेटीच्या लोखंडी अंगाचें अर्थिंग करा आणि त्याच्या जोडीला वीज आपोआप तोडणारी ई.एल.सी.बी. ही कळ बसवा. पैसे वांचविण्यासाठीं अर्थिंगची तार कापणें म्हणजे स्वतःचा गळा कापणें होय.

घंटा आणि सळई

असें समजूं नका कीं विजेच्या नांवानें पोट भरणारे आपल्याच देशांत झाले. युरोपांत पाद्री सांगत, कीं वादळांत चर्चची मंतरलेली घंटा वाजविली म्हणजे वीज पळते. म्युनिच येथें १७८४ सालीं छापलेल्या एका पुस्तकांत हिशेब दिला आहे, कीं तेहेतीस वर्षांत ३८६ घंटाघरांवर वीज पडली आणि घंटा वाजविणारे १०३ जण मेले. सर्वांत उंच इमारत, तिच्या टोंकाशीं घंटा, आणि खालीं ओला दोर धरून उभा असलेला गरीब चाकर! दोर ओढणारा मेला. ओढावयास सांगणारा घरांत होता. ही वांटणी तुमच्या ओळखीची वाटेल.

यावर उपाय काढला तो अमेरिकेंतल्या बेंजामिन फ्रँकलिननें. हा मेणबत्त्या व साबण करणाऱ्याचा मुलगा, स्वतः छापखान्यांतला कारागीर. त्यानें सांगितलें, कीं इमारतीच्या माथ्यावर लोखंडी सळई उभी करा आणि ती धातूनें थेट ओल्या जमिनींत नेऊन पोंचवा. त्याच्या सांगण्याप्रमाणें १७५२ सालच्या मे महिन्यांत फ्रान्समध्यें एक उंच सळई उभारली, आणि ढग येतांच तिच्यांतून ठिणग्या निघाल्या. ढगांतली वीज आणि घोंगडीवर घांसलेल्या नळीची वीज एकच आहे, हें सिद्ध झालें. पण ज्ञान अर्धवट घेऊं नये. दुसऱ्याच वर्षीं, १७५३ मध्यें, रशियांत रिखमन नांवाचा विद्वान जमिनीला न जोडलेल्या सळईजवळ वाकून पाहत असतां ठार झाला. सळईवर भार चढला, उतरावयास वाट नव्हती. विभव तुंबला आणि माणसांतून फुटला. सळई जमिनीला जोडलेली असली तरच ती राखण करते. नाहीं तर ती वैरी. आणि वादळ चालू असतां जोडलेल्या सळईच्या पट्टीपासूनही चार हात दूरच राहावें.

मंडळी, महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन केलें, त्यांत शेतकऱ्यांच्या मुलांना शेतकरी वर्गांतलेच शिक्षक मिळावेत व त्यांच्या उपयोगाचें ज्ञान शाळेंत मिळावें अशी मागणी होती. विजेचें ज्ञान आपल्या उपयोगाचें नाहीं असें आज कोणी म्हणेल काय? ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे त्याच्यापेक्षां तें आपल्याला जास्त हवें.

शेवटीं दोन मागण्या करतों. पहिली गांवाकडे. येत्या ग्रामसभेंत ठराव करा, कीं या शाळेच्या इमारतीवर वीज उतरविणारी सळई बसवावी, ती जाणत्या माणसाकडून बसवून घ्यावी आणि दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं तिची जमिनींतली जोडणी तपासावी. येथें तुमचींच लेंकरें बसतात. शांतीसाठीं वर्गणी काढतां तशी एकदां सळईसाठीं काढा. दुसरी मागणी प्रत्येक घराकडे. उद्यां ढग गडगडले म्हणजे पायाळू पोराला सर्वांच्या आधीं घरांत घ्या, आणि त्याच्या आईला कोणी बोल लावूं लागला, तर त्याला हा थाळा, ही नळी व हीं दोन पानें दाखवा. तरीही तो ऐकेना, तर माझ्याकडे पाठवा. शाळा सुटल्यावर मी येथेंच असतों.